साडेदहाची खुर्ची

मामांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि आमच्या कॉलेजच्या सातही मेलचे पासवर्ड फक्त त्यांनाच पाठ होते. हे कुणालाही सांगितलं की ऐकणारा हसतो. मीही हसले होते. धारूरच्या त्या कॉलेजात कंत्राटी ऑपरेटर म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी मी ऑफिसातला मेलचा प्रोग्राम उघडला, तर त्यानं एकामागून एक सात चौकटी पुढे केल्या आणि प्रत्येकीत पासवर्ड मागितला. एक चौकट प्राचार्यांच्या मेलची, एक परीक्षेची, एक वसतिगृहाची, एक शिष्यवृत्तीची, अशा सात. हेडक्लार्क साहेब जराही गडबडले नाहीत. स्वतःच्या खुर्चीतून उठून उभे राहिले आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "मामा, या बरं. इसरलं मशीन."

दाराबाहेरच्या स्टुलावरून एक उंच, वाळलेला शिपाई उठला. पांढरी टोपी, खाकी शर्ट, खांद्यावर पंचा. पंच्याला हात पुसत तो आत आला, हेडक्लार्कच्या खुर्चीत बसला, उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि सावकाश, एकदाही न चुकता, सात पासवर्ड दाबले. पडद्यावर नुसती काळी टिंबं उमटत होती. शेवटची चौकट मिटली तसा तो उठला आणि परत स्टुलावर जाऊन बसला. "रोजचंच हाय हे," हेडक्लार्क मला म्हणाले. "लक्षात ठेव म्हणून कितीदा बी सांगा, दिवसभर ऱ्हातंय आन् सकाळी पुन्हा कोरं."

ही विद्या मामांना मोठ्या बाबूंमुळे आली होती. मोठे बाबू म्हणजे आधीचे हेडक्लार्क. मी त्यांना पाहिलेलं नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांचे हात इतके थरथरायचे की एक बटण दाबायला जावं तर तीन दाबली जायची. मग बाबू दाखवायचे आणि मामा दाबायचे. वरच्या ओळीतलं चौथं, मधल्या ओळीतलं पहिलं, असं करत सातही पासवर्ड मामांच्या बोटात उतरले. बाबू निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत वारले. पासवर्ड बदलायचे तर त्यांच्याच मोबाईलवर आकडे येणार, आणि तो नंबर केव्हाच बंद पडला होता. नव्या हेडक्लार्कनी एकदा मामांना पासवर्ड विचारले, तेव्हा मामा म्हणाले होते, "बाबूला जबान दिलीय, कुणाला सांगायचं न्हाई. तुमी म्हणाल तवा उघडून देतो की." हेडक्लार्कनी पुन्हा विषय काढला नाही.

मामा मेंढपाळाच्या घरचे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि बापामागून बालाघाटाच्या डोंगरानं मेंढरं हिंडवत त्यांचं पोरपण गेलं. सात पासवर्ड लक्षात कसे राहतात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, आमच्याकडं दोनशे मेंढरं व्हती. सांजच्याला आत घेताना बाप कवा मोजायचा न्हाई. म्हणायचा, मोजलं तर चुकतंय, वळखलं तर चुकत न्हाई." पासवर्डांनाही त्यांनी एकेक स्वभाव दिला होता. परीक्षेचा द्वाड, कारण त्याला मधेच दोन बोटं लागायची. वसतिगृहाचा लांबलचक, "लई चालायला लावतंय."

तीस वर्षं ते त्या दाराबाहेरच्या स्टुलावर होते. दिवसभर आतून हाका यायच्या, पाणी आणा, फाईल न्या, झेरॉक्स काढून आणा. पण साडेदहा ते पावणेअकरा त्यांना कुणी काम सांगत नसे. मामा खुर्चीत ताठ बसलेले, आणि हेडक्लार्क, मी, कुणी प्राध्यापक असे आम्ही भोवती उभे. घाई असली तरी कुणी घाई करायचं नाही. कधीकधी हेडक्लार्क स्वतः चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवायचे. त्या बैठकीची किंमत मामांना किती होती, हे माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं आणि मला दिसत नव्हतं.

मला दिसत होतं ते एवढंच, की ही सकाळ त्यांनी कधी चुकवली नाही. रजा म्हणून नाही. एकदा अंगात सणसणून ताप असताना पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, चादर पांघरून आले, सातही मेल उघडून दिले आणि तसेच परत गेले. "पोरांचे फारम आडकतील," म्हणाले. मुलांच्या फॉर्मची मुदत त्या आठवड्यात संपत होती, आणि त्यांना ती माझ्याआधी ठाऊक होती.

मशीनचं ते विसरणं मात्र माझ्या डोळ्यांत खुपत होतं. मी परळीची, बीडला कोर्स करून आलेली. आणि रोज सकाळी माझ्या देखत चौथी शिकलेल्या माणसाला बोलवावं लागायचं! मी हट्टाला पेटले. पासवर्ड साठवणारी फाईल खराब झाली असेल म्हणून ती काढून नवी करू दिली. प्रोग्राम नव्यानं टाकला. व्हायरसवाल्या प्रोग्रामवर संशय घेतला, तोही बंद ठेवून पाहिला. संध्याकाळी निघताना मशीन बंद-चालू करून बघायची, पासवर्ड जागच्या जागी. सकाळी यावं तर सात चौकटी पुन्हा हजर. मामा दारातून विचारायचे, "सुधरलं का हो ताई?" मी मान हलवली की म्हणायचे, "आसू द्या. आपण हाव की."

मग एके दिवशी भर दुपारी चौसाळ्याहून निरोप आला, मामांची बहीण दवाखान्यात होती. मामा हातातलं काम टाकून मिळेल त्या गाडीनं गेले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते आलेले नव्हते. मी धाकधुकीनंच प्रोग्राम उघडला, आणि सातही मेल आपोआप भरभर उतरायला लागले. कालच्या संध्याकाळी असं काय झालं नव्हतं? रोज सगळे गेल्यावर मामा ऑफिस झाडायचे, ते काल झाडलेलं नव्हतं, एवढंच. मी पडद्यावर नीट बघत गेले. कोपऱ्यात एका झाडूचं छोटं चित्र होतं. मशीनमधला कचरा साफ करणारा प्रोग्राम, मोठ्या बाबूंच्या वेळचा. उघडून पाहिलं, तर साफ करायच्या यादीत साठवलेल्या पासवर्डांपुढेही खूण होती.

मामा बाराच्या सुमाराला आले. बहिणीचं बरं असल्याचं त्यांनी सांगितलंही नसेल, तेवढ्यात मी सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, संध्याकाळी या झाडूवर दाबता का तुम्ही?"

"व्हय की. बाबूंनीच दाखवलं व्हतं. हापीस झाडलं की मशीन बी झाडायचं."

"सापडलं!" मी जवळजवळ ओरडलेच. "मशीन विसरत नव्हतं, साहेब. मामाच रोज पासवर्ड झाडून टाकत होते!"

ऑफिस हसून लोटपोट झालं. हेडक्लार्क म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं रोज सकाळी आमी ताटकळलो ते ह्यांच्यापायी!" मामा पंचा हातात धरून उभे होते. "चुकी झाली, साहेब," एवढंच म्हणाले. मी ती खूण काढून टाकली. हेडक्लार्कनी खूश होऊन माझ्यासाठी चहा मागवला, आणि तो चहा मामा घेऊन आले.

त्यानंतर मशीन काही विसरलं नाही. पहिले काही दिवस साडेदहा वाजले की मामा स्टुलावरून उठायचे, हात पुसायचे, दारातून पडद्याकडे बघायचे आणि पुन्हा बसायचे. मग उठणंही थांबलं. हेडक्लार्क आता सकाळी आले की खुर्चीत बसत ते पाचलाच उठत. भोवती उभं राहणारे लोक आपापल्या टेबलाशी गेले, आणि साडेदहालाही हाका सुरू झाल्या. पंधरा दिवसांत तो माणूस वाकल्यासारखा दिसायला लागला. मी काय करून बसले, ते मला तेव्हा कळलं आणि मनातून फार वाईट वाटलं. सांगायचं तरी कुणाला? मी तर ऑफिसची अडचण दूर केली होती.

मग मला एक युक्ती सुचली. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती खूण पुन्हा केली आणि स्वतःच्या हातानं झाडू फिरवला. सकाळी सात चौकटी आल्या. "मामा, या ना! परत विसरलं!" मी हाक मारली. हेडक्लार्क कुरकुरत उठले. मामा आत आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची बाजूला सारून उभ्यानंच सातही पासवर्ड दाबले.

दुपारी व्हरांड्यात मी एकटी दिसले तसे जवळ आले. "झाडू तू मारलास ना, पोरी?" त्यांनी मला एकेरी हाक मारली ती त्या दिवशीच.

मी होय म्हटलं.

"तुला म्हणून सांगतो. मला म्हाईत व्हतं. तू यायच्या लई आधी एकदा सांजच्याला लाईट गेलती, झाडू ऱ्हायला. सकाळी मशीन लावलं तर समदं आपसूक उघडाय लागलं. हापिसात कुणीच आलं नव्हतं. मी गपचूप झाडू मारला आन् बंद करून ठिवलं."

"पण का, मामा?"

ते अंगणातल्या लिंबाकडे बघत राहिले. "बसायला भेटायचं," म्हणाले. "चूकच हाय ती. पर एक बी पोराचं काम आडू दिलं न्हाई मी." मग, "तवा तुमाला माजी गरज व्हती, पोरी. आता तुला माजी कीव आलीय. पुन्यांदा आसं करू नगंस."

मी पुन्हा तसं केलं नाही. हेडक्लार्कना किंवा कुणालाच यातलं काही सांगितलंही नाही.

मामा वर्षभरानं निवृत्त झाले. समारंभ दुपारी होता. सकाळी सगळे हॉलमध्ये खुर्च्या मांडायला गेले होते, तेव्हा मामा ऑफिसात आले. अंगावर नवा पांढरा सदरा. "ताई, ते सात लिवून घ्या. मी चाललो. उद्या मशीन खरंच इसरलं तर?"

"पण बाबूंना जबान दिली होती ना?"

"मी हितं हाय तवर व्हती. आता ते हितंच ऱ्हायला पायजे. पोरांच्या कामाचं हाय."

मी एक कोरं पान उघडलं आणि हेडक्लार्कची खुर्ची ओढून दिली. या वेळी ते बसले. पहिलं बटण दाबलं आणि बोट तिथंच थांबलं. "टिंबं कुठं गेली?"

"इथं टिंबं येत नाहीत, मामा. अक्षरं दिसतात."

"आस्सं," म्हणाले. इतकी वर्षं जे दाबत आले, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते एकेक पासवर्ड दाबत गेले, मी मोठ्यानं वाचत कागदावर उतरवत गेले. पहिल्यात गावाचं नाव, पुढे आकडे. दुसऱ्यात बाबूंच्या मुलीचं. एकात देवीचं. परीक्षेचा तेवढा उगाच वेडावाकडा. शेवटचा शिष्यवृत्तीच्या मेलचा होता. मी वाचलं, "रखमाजी." लिहिता लिहिता विचारलं, "हे रखमाजी कोण हो, मामा? बाबूंचे वडील का?"

मामा पडद्याकडे बघत राहिले. "माजं नाव हाय ते," म्हणाले.

माझा हात थांबला. अडीच वर्षं मी त्या माणसाबरोबर काम करत होते. हजेरीपटावर त्यांच्या आडनावाआधी दोन आद्याक्षरं असायची, आणि ती कशाची म्हणून मी कधी विचारलं नव्हतं.

"बाबूनं मला कवाच नावानं हाक न्हाई मारली," मामा हळूच म्हणाले. "आरं, ए, मामा. आसंच समदं." मग विचारलं, "कुठून कुठवर हाय ते?" मी बोटानं दाखवलं. त्यांनी स्वतःचं बोट, काचेला न लावता, त्या अक्षरांवरून शेवटपर्यंत नेलं. डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच राहू दिलं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "मामा, हार आलेत का बघा!" आणि ते उठून गेले.

समारंभ चांगला झाला. शाल, नारळ, हार. प्राचार्य मनापासून बोलले. हेडक्लार्कनी झाडूची गोष्ट रंगवून सांगितली, हॉल हसला, मामाही हसले. सगळ्यांच्या बोलण्यात मामा होते, आमचे मामा, मामांसारखा माणूस. "आणखी कुणाला बोलायचंय का?" असं विचारलं गेलं, तेव्हा तो कागद माझ्या पर्समध्ये होता. पण मी कंत्राटी, पुढे सगळे कायम नोकरीतले. मी बसून राहिले. आजही ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

पुढे मीही ते कॉलेज सोडलं. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी हेडक्लार्क साहेबांचा फोन आला. "ताई, एक वाईट बातमी हाय. मामा गेले आपले."

"रखमाजी गेले?" मी म्हटलं.

"न्हाई हो, मामा," ते म्हणाले. "रखमाजी कोण?"

मी त्यांना सांगितलं.