काखमांजरी

सोमवारी ती परत त्या मशीनवर जाऊन बसेल, ही धास्ती काही केल्या जात नाही. काखेतल्या जखमेत गॉजची पट्टी भरलेली, उजवा हात उशीवर, आणि झोपेतही पाय पायडल दाबल्यासारखा हलतोय. माझी लेक अशीच. कारखान्यात तिला ‘सरळरेघ’ म्हणतात. खडूची खूण न करता गळा शिवते, टाका इकडचा तिकडे होत नाही.

कारखाना तिच्या आत्याचा, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा. तिथे ऑपरेशनचे गाऊन शिवतात. बोटात सुई घुसली की मशीनच्या तेलाचा बोळा लावायचा आणि पुढचा कपडा ओढायचा, ही तिथली रीत.

लेकीला काखमांजरी झाली, काखेत गळू. हात वर होईना, म्हणून तिने सुट्टी मागितली.

“एवढ्याशा फोडाचं काय कौतुक! ये इकडे,” म्हणत आत्याने मशीनची सुई काढली, लायटरवर धरली आणि गळवात खुपसली. वरून तेलाचा बोळा. “बस आता. गाऊन उद्या जायचेत.”

दुसऱ्या दिवशी पोर तापाने फणफणली. लाली दंडावर उतरली. इमर्जन्सीत डॉक्टरणीने विचारलं, “हे टोचलं कुणी?”

“आत्याने.”

“आत्या डॉक्टर आहे?”

“नाही, शिलाईचा कारखाना आहे तिचा. तुमचेच गाऊन शिवतो आम्ही.”

डॉक्टरणीचा चेहरा बदलला. “बधिर करते, पण पुरतं होणार नाही. दुखेल.”

चीर दिली तसा पू भळाभळा आला. पोरीने माझी बोटं पिरगाळली, तरी नजर डॉक्टरणीच्या गाऊनच्या गळ्याशी. “मॅडम, हा गळा मी शिवलाय.”

“छान शिवलायस. आता हलू नकोस.”

निघताना डॉक्टरणीने मला बाजूला घेतलं, नंबर दिला. “कारखान्याचं नाव कळवा. असल्या जागेतून आमच्याकडे कापड यायला नको.”

मी नंबर पर्समध्ये टाकला, नाव सांगितलं नाही. घरचीच माणसं, म्हटलं.

आज संध्याकाळी नणंदबाईंचा फोन. मला वाटलं, विचारपूस असेल. “सोमवारी पाठव गं तिला. डाव्या हाताने धागे तर कापेल?”

“वन्सं, तिची जखम अजून उघडी आहे.”

“मग तेल लाव!” आणि हसल्या. आतून लेक ओरडली, “येते म्हणावं आत्या!”

ह्यांना सांगितलं, तर “ताईचा स्वभावच तसा,” म्हणून कूस बदलली.

तेव्हापासून एकच चित्र डोळ्यांपुढे आहे. वन्संची काख, तीच सुई, तेच तेल, आणि वर मी म्हणतेय, एवढ्याशा फोडाचं काय कौतुक. वाईट वाटायला हवं. वाटत नाही. उलट गार वाटतं.

गाऊनचं काम गेलं तर कारखाना बसेल. लेक माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे, हात तरी शाबूत राहील. आणि वन्संना कळू दे, आतून ठणकतं म्हणजे काय.

डॉक्टरणीची आज रात्रपाळी आहे. फोन लावते. नाव अक्षर न् अक्षर सांगणार आहे, पत्त्यासकट.