चार मजल्यांचं कार्य

चौथ्या मजल्यावर स्टॉपवॉच थांबवून मी धापा टाकत उभा होतो, तेव्हा शेजारची वैशाली भाजीची पिशवी घेऊन जिना चढत येत होती. इतकी सावकाश, की बघूनच मला चीड आली. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, चार किलो उतरवा, नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन. म्हणून महिनाभर मी रोज एकदा हा जिना पळत चढत होतो. लागणारा वेळ कमी होत होता. वजनकाटा मात्र ढिम्म!

"सर, एवढी घाई कसली?" माझ्याच भौतिकशास्त्राच्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी ती.

"शक्ती वाढवतोय. तेच चार मजले, पण कमी वेळात. वजन उतरायला नको?"

"पण उंची तीच तर कार्य तेच, हे तुम्हीच शिकवलंत ना? पळा नाहीतर रमतगमत या, ऊर्जा जवळपास तेवढीच जाणार. त्यापेक्षा सावकाश चार वेळा चढा."

तीस वर्षं मी हा धडा शिकवला. शक्ती आणि ऊर्जा यांची गल्लत करणाऱ्यांचे गुण निर्दयपणे कापले. आणि स्वतः मात्र धाप लागली की पुष्कळ काम झालं असं समजत आलो. जिन्यावरच नव्हे, जन्मभर. माणसं भुलतात आपल्या धापांना. चरबी भुलत नाही.

मी खाली निघालो, पुन्हा चढायला.

"सर, उतरताना लिफ्ट घ्या हं, गुडघे सांभाळा!"

शेवटच्या बाकावर वर्षभर डुलक्या घेणारी ही पोरगी नेमकी त्याच तासाला जागी राहायला हवी होती का?