तिसाचे झाले दहा

आमच्या लॅबमधल्या ताई म्हणजे पक्क्या हट्टी. सव्वीस वर्षं रक्त तपासलं, पण आकडा दोनदा वाचल्याशिवाय नळी पुढे सरकवायच्या नाहीत. आम्ही चिडवायचो, "ताई, नळी काय पळून चाललीय का?"

परागकणांची ॲलर्जी मोजायचं नवं मशीन आलं. रक्तात त्या ॲलर्जीची प्रतिद्रव्यं किती, ते सांगणारं. जुनं काढायच्या आधी तेच रक्त दोन्हींवर चालवायचं आणि आकडे शेजारी शेजारी मांडायचे, असा नियम. ताईंनी चाळीस नळ्या चालवल्या. गवताच्या परागांना जुनं मशीन तीस म्हणे, तिथे नवं दहा. रक्त तेच बरं का! मापच वेगळं.

"रिपोर्टखाली एक ओळ छापा," त्या साहेबांना म्हणाल्या. "हा आकडा जुन्या आकड्याशी ताडून बघू नका म्हणून."

"ॲलर्जी आहे हे दोन्ही सांगतात ना? मग झालं तर! उगाच लोकांच्या मनात शंका भरवू नका."

ताई दोनदा भांडल्या, तिसऱ्यांदा गप्प बसल्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी तर एकदाही तोंड उघडलं नाही, खोटं कशाला बोलू?

त्यांचा धाकटा भाऊ माळी. गवत कापलं की त्याला धाप लागायची, म्हणून दोन वर्षं इंजेक्शनं चालू आणि गवताचं काम बंद. त्याने रक्त दिलं घराजवळच्या केंद्रात. तिथल्या नळ्या आमच्याकडेच येतात, पण त्यांवर नुसता क्रमांक असतो, नाव नाही. ताईंनी नेहमीसारखं दोनदा वाचून सही केली.

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट पाहिला, तीस; नवा पाहिला, दहा. "वा! इंजेक्शनं लागू पडली. बंद करा आता, लागा कामाला." भाऊ खूश. रविवारी ताईंकडे जाऊन त्यांना चकित करणार होता. शुक्रवारीच मैदानातलं गवत कापायला घेतलं आणि तिथेच श्वास कोंडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

साहेबांनी ती ओळ तिसऱ्या दिवशी गुपचूप छापायला लावली. आता सुचलं शहाण्याला!

भावजयीने रिपोर्ट पुढे केला तेव्हा ताईंना खाली आपलीच सही दिसली. मी शेजारी बसले होते.

"वन्सं, आकडा तर कमी झाला होता ना हो? मग असं कसं झालं?"

ताईंनी कागदाची घडी घातली. "हो," म्हणाल्या, "कमी झाला होता."

नव्हता झाला, वहिनी, असं मी तरी म्हणायला हवं होतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत गेले.