खारी भिंत

घाटकोपरला खाडीलगत बाबांनी स्वतःच्या हातांनी घर बांधलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. डोंगरावरून कारवीच्या काठ्या आणून त्यांनी कुडाच्या भिंती विणल्या आणि त्यांवर शेणमातीचा गिलावा चढवला. कोकणात आमच्या गावी याच कामाला लोक त्यांना बोलवायचे. तिथे चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय ते भिंतीला हात लावत नसत. इथे पावसाआधी आडोसा हवा होता, म्हणून दारातलीच माती घेतली.

शेजारची कोळीण म्हणाली, ही माती खारी आहे, सुकायची नाही. बाबा नुसते हसले. मासळी विकणाऱ्या बाईने त्यांना माती शिकवावी, हे त्यांना कसं रुचणार? त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

भिंत सुकली नाही. श्रावणात तिला बुरशी आली. आई वरून सारवत राहिली आणि भिंतीकडेला निजणारी माझी धाकटी बहीण खोकत राहिली. भाद्रपदात ती गेली.

तिला पोचवून आल्यावर बाबांनी नखाने भिंत खरवडली आणि बोट जिभेला लावलं. आई उंबऱ्यात बसून बघत होती.

"आता कशाक चाखतास?" ती म्हणाली.