सावडीला कोणी येईना

शेणव्याच्या भातगिरणीत दुपारी पट्टा थांबला की भगीरथचा खरा दिवस सुरू व्हायचा. गिरणी चालू असली की दिवे माना टाकत आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडे. म्हणून गणूशेठ जेवून पोत्यांच्या थप्पीवर आडवे झाले की भगीरथ कोंड्यानं पांढरं झालेलं टेबल पुसायचा, कीबोर्ड उलटा करून दोनदा आपटायचा आणि बसायचा. सकाळभर त्याचं काम पावत्यांचं. कोणाचं भात आलं, पोती किती, पॉलिश करायचं की बिनपॉलिश ठेवायचं. ते काम पंचक्रोशीला माहीत होतं. दुपारचं काम कोणालाच माहीत नव्हतं.

त्यानं ते लपवलं होतं असंही नाही. पण सांगायला जावं तर ऐकणारा अर्ध्यातच दुसरीकडं बघायला लागे. कॉम्प्युटरवर जे बटण दिसतं, ज्या चौकटीत आपण नाव टाकतो, कडेची जी पट्टी खाली-वर सरकते, ते सगळं दर प्रोग्रॅमवाला नव्यानं घडवत बसत नाही. घर बांधणारा दारं-खिडक्या तयार आणतो, तसं हेही सामान तयार मिळतं. असं सामान पुरवणारं एक टूलकिट होतं. फुकट आणि सताड उघडं. कोणीही न्यावं, कोणीही आत शिरून दुरुस्त करावं. ते राखणारी माणसं जगभर विखुरलेली. पगार एकालाही नाही. भगीरथ त्यांच्यातला एक.

मुरबाडला आयटीआय केल्यावर त्याला जुनी यंत्रं जिवंत करायचा नाद लागला होता. खर्डीकडच्या एका शाळेनं भंगारात काढलेले कॉम्प्युटर त्यानं टेम्पोत भरून आणले, पुसून-पासून चालते केले आणि वाटून टाकले. एक गिरणीत, एक दवाखान्यात, बाकीचे डोंगराकडच्या वसतिगृहात. मग टूलकिटची नवी आवृत्ती आली आणि या म्हाताऱ्या मशिनींवर बटणं फाटक्या गोधडीसारखी दिसायला लागली. नव्या मशिनीत चित्र काढायला वेगळी चिप असते, जुनीत नसते, आणि जुनीचा विचारच कोणी केला नव्हता. भगीरथनं महिनाभर आत डोकं घालून दोष काढला आणि दुरुस्ती पाठवून दिली. पलीकडून मारित नावाच्या बाईचं उत्तर आलं. सगळ्या कामाची सूत्रं तिच्या हातात होती. तिनं लिहिलं होतं, ‘आभार. जुन्या मशिनींचा हा भाग यापुढं तुम्ही सांभाळाल का?’

इतक्या मानानं त्याला जन्मात कोणी काही विचारलं नव्हतं. त्यानं लगेच हो म्हटलं. तेव्हा तो पंचविशीत होता, आता चाळिशीला टेकला. मधल्या काळात लग्नाची बोलणी झाली, ती ‘पोरगा गिरणीत पावत्या फाडतो’ इथवर येऊन थांबली. आईबाप गेले. थोरला भाऊ रंगू आणि त्याची बायको प्रेमा यांच्या घरात मागची खोली त्याची. मारितचा चेहरा त्यानं कधी पाहिला नाही. ब्राझीलमधला काइयो असाच एक राखणदार; त्याच्या भागातली सरकपट्टी अडकायची, ती त्यानं चार दुपारी बसून सोडवून दिली; त्याचाही आवाज कसा आहे ते त्याला माहीत नव्हतं.

यंदा चैत्रात मारितची सूचना आली. ज्या भागाला एकच राखणदार आहे तो भाग पुढच्या आवृत्तीतून काढावा लागेल. एक माणूस आजारी पडला तर काम कोणी बघायचं? जुन्या मशिनींच्या भागाला दुसरा माणूस हवा. महिनाअखेरपर्यंत कोणी उभं राहिलं तर भाग राहील.

भगीरथनं वाचलं आणि तो कामाला लागला. राहिलेल्या सगळ्या दुरुस्त्या त्यानं पुऱ्या केल्या, नव्या माणसाला समजेल अशा टिपा लिहिल्या आणि सगळं उघड्यावर नीट मांडून ठेवलं. बोलला मात्र एक शब्द नाही.

कारण वाडीत असंच होतं. त्या दिवसांत राब भाजायची घाई असते. कवळ, म्हणजे रानातून तोडून आणलेल्या पाल्याच्या फांद्या, खाचरात अंथरायची, वर शेण, गवत, माती, आणि पेटवून द्यायची; त्या भाजल्या जागेत पुढं भाताचं रोप होतं. आग रानात शिरू नये म्हणून चारी बाजूंनी माणसं लागतात. ती सावडीनं येतात. आज मी तुझ्या राबावर, उद्या तू माझ्या. बोलावणं कोणी धाडत नाही. कवळ अंथरलेली दिसली की ज्याच्याकडं आपण गेलो होतो तो निघून येतो. त्याला तोंडानं ‘ये’ म्हणणं म्हणजे ‘विसरलास काय रे’ असं सुनावणं. भगीरथनं आपली कवळ अंथरली होती. आता फक्त थांबायचं.

रोज दुपारी तो सूचनेखालची जागा उघडून बघायचा. कोणी नाही.

“काय रे भग्या, कोणाच्या पत्राची वाट बघतंस?” गणूशेठनं एकदा थप्पीवरून विचारलं. “पोरीबिरीचा काय मामला?”

“नाय शेठ. कामाचं हाय.”

“काम? फुकटचं ना? मग तो टाइमपास झाला. पोरगी असती तर मी बोललो असतो काम.” आणि ते कुशीवर वळले.

महिना सरत आला तसा भगीरथ जेवताना ताटात बोटं फिरवत बसायला लागला. प्रेमानं भाकरी वाढताना ते पाहिलं.

“भावजी, कालवण बिघडलं काय? का तुमचंच काय बिघडलंय?”

त्यानं सांगितलं. जसं जमलं तसं, सावडीच्याच भाषेत. मी इतक्यांच्या राबावर गेलो, माझ्या राबाला कोणी येईना.

प्रेमा हसली. “अवो, त्यांना काय तुमची कवळ दिसते? कुठं ब्राझील का फ्राझील! तितून धूर तरी दिसंल काय? हाक मारा की.”

“हाक मारायची नसते, वैनी.”

“वाडीत नसते. ती लोकं काय आपल्या वाडीची हायेत?”

त्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, “ज्यांचं काम केलं त्यांना कळत नाय काय?” प्रेमानं अजून एक भाकरी टाकली त्याच्या ताटात. त्यानं ती खाल्ली नाही.

महिना संपला. मे महिन्यातल्या एका दुपारी त्याच्या नावावर तपासणीचं काम येऊन पडलं. तिथला नियम असा, की कुठलाही बदल त्या भागाच्या राखणदारानं तपासून मान्य केल्याशिवाय आत जात नाही. बदल होता जुन्या मशिनींचा भाग काढून टाकण्याचा. पाठवला होता काइयोनं. तपासायचा होता भगीरथनं.

प्रोग्रॅममधल्या काढायच्या ओळी पडद्यावर लाल दिसतात, नव्या हिरव्या. त्यानं पान उघडलं, तर वरपासून खालपर्यंत सगळं लाल. त्यातली ओळन् ओळ त्याच्या हातची. बाहेर उन्हात कोंबड्या सांडलेल्या कण्या टिपत होत्या. गणूशेठ घोरत होते. डोळे मिटून ‘मान्य’ दाबता आलं असतं, किंवा दाबलंच नाही तर काम अडवून धरता आलं असतं. पण काम समोर आलं तर ते नीट करायचं एवढंच त्याला येत होतं. तो वाचत गेला. मध्यावर एका ठिकाणी तो थांबला. काइयोची ती सरकपट्टी अजून भगीरथच्या एका तुकड्यावर टेकलेली होती. तुकडा गेला असता तर नव्या मशिनींवरही पट्टी कोसळली असती. त्यानं तसं लिहिलं, पट्टी कशावर टेकवायची तेही लिहिलं.

थोड्या वेळानं काइयोचं उत्तर आलं. ‘वाचवलंस!’ सुधारलेला बदल आला. भगीरथनं तो पुन्हा वाचला आणि ‘मान्य’ दाबलं.

दुसऱ्या दुपारी काइयोच्या आणखी दोन ओळी आल्या होत्या. ‘तू महिनाभर काहीच बोलला नाहीस. आम्हाला वाटलं, तुलाही कंटाळा आला असेल. विचारलं असतंस तर मी उभा राहिलो असतो.’

भगीरथनं त्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग उठून बाहेर गेला, माठातलं पाणी प्यायला, आत आला. राग कोणाचा धरावा ते कळेना. काइयोचा धरवेना. 

आवृत्तीचं दार आता बंद झालं होतं. पण काढलेला भाग वेगळा काढून बाहेर चालवायला कोणाची आडकाठी नव्हती. त्यानं तसं करून ठेवलं आणि टूलकिटवाले सगळे जिथं बोलतात त्या चव्हाट्यावर लिहायला घेतलं. ‘जुन्या मशिनींचा भाग मी बाहेर वेगळा चालवतो आहे.’ इथवर बोटं चालली. पुढची ओळ त्यानं किती वेळा लिहिली आणि पुसली, त्याचं त्यालाच ठाऊक. कोणाच्या दारात उभं राहून पातेलं पुढं करावं तसं त्याला वाटत होतं. गणूशेठ उठून खोकायला लागले, पट्टा चढवायची वेळ झाली, तेव्हा घाईघाईत ती ओळ गेली: ‘एकट्यानं होत नाही. कोणी येईल का?’

काइयोनं खाली अंगठ्याची खूण टाकली. मारितनं शुभेच्छा दिल्या. त्यापलीकडं कोणी काही लिहिलं नाही. दुपारी येत गेल्या, जात गेल्या. दुसऱ्यांची तपासणी आता त्याच्याकडं येत नव्हती, कारण टूलकिटमध्ये त्याच्या नावावर काही उरलं नव्हतं. तो टेबल पुसायचा, कीबोर्ड आपटायचा आणि एकटाच त्या भागात एखादी बारीक दुरुस्ती करत बसायचा. प्रेमानं एकदा विचारलं, “मारली का हाक?”

“मारली.”

“मग?”

“मग काय! मारली.”

पावसाळा लागला, गिरणीतली गर्दी ओसरली, तेव्हा कधीतरी त्या ओळीखाली एक नवं नाव दिसलं. कुठल्याशा बेटावरच्या दवाखान्यातला माणूस. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं लिहिलं होतं, की आमच्याकडं अशाच जुन्या मशिनी आहेत, तुमच्या भागावरच चालतात, तो कोणी बनवला ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. पण तुम्ही सांगाल ते बटण दाबून, काय दिसतं ते सांगू शकतो. असा माणूस चालेल का?

तिथल्या नियमात असा माणूस बसत नव्हता. भाग परत आत घ्यायला प्रोग्रॅमच्या ओळी वाचणारा माणूस लागतो, बटण दाबणारा नाही. भगीरथला ते पक्कं माहीत होतं.

त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि लिहिलं, ‘चालेल. सगळ्यात वरच्या चौकटीत काहीही लिहा आणि पट्टी हळू खाली ओढा. अक्षरं मागं राहतात का, बघून सांगा.’

“भग्या, पट्टा चढवतो रे! बंद कर ते,” गणूशेठ ओरडले.

“थांबा शेठ,” भगीरथ म्हणाला. “जरा वाईच थांबा. माणूस बघायला गेलाय.”