मोकळी सोडलेली जागा

फूलबागेच्या फाटकाशी एक म्हातारा टाइपरायटर घेऊन बसतो आणि लोकांचे अर्ज टाइप करून देतो. मान तिरकी, बोटं दोनच, पण कुठे अडखळत नाही. नाव मी कधी विचारलं नाही.

माझ्या वडिलांनी ज्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, तिथल्या हॉलमधला त्यांचा फोटो रंगकामाच्या वेळी उतरवला आणि परत लावलाच नाही. मी मुख्याध्यापकांना इंग्रजीत अर्ज लिहिला आणि त्याच्याकडे टाइप करायला दिला. कागद हातात आला तेव्हा एका ओळीत शब्दाच्या जागी नुसती मोकळी जागा होती.

"इथं शब्द राहिलाय," मी जरा तोऱ्यातच म्हणाले. जन्मभर इंग्रजी शिकवलंय मी.

"राहिला नाही, बाई. मी सोडलाय." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्ही 'हँग्ड' लिहिलंय. ते फाशीवाल्यांसाठी. कोर्टाचे पुष्कळ फैसले टाइप केलेत मी. फोटोसाठी 'हंग' म्हणतात. पण दरख्वास्त तुमची आहे न, शब्द तुम्हीच भरा."

आणि त्यानं पेन पुढे केलं. मी त्या जागेत 'हंग' लिहिलं.

फोटो आठवड्याभरात परत भिंतीवर लागला. मला मात्र ती जागा आठवत राहते. इतकी वर्षं मी मुलांच्या चुकीच्या शब्दावर लाल रेघ मारली आणि बरोबर शब्द स्वतःच वर लिहिला. पेन कधी त्यांच्या हातात दिलं नाही.