आक्काची होडी आणि तापणारं इंजिन

आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, वयाच्या बासष्टाव्या वर्षी होडी घ्यायची म्हणाली, तेव्हा मी तिच्याच घराच्या सोप्यात चहा पीत बसलो होतो. आमचं मूळ गाव हिडकल धरणाच्या पाण्याला लागून आहे. धरण झालं तेव्हा गावाची बरीच जमीन पाण्याखाली गेली, पण आमचा दोन एकरांचा एक तुकडा पलीकडच्या काठावर कोरडा राहिला. ओट्यावर उभं राहिलं की तिथलं जांभळीचं झाड ओळखू येतं. रस्त्यानं जायचं तर मात्र दोन बस बदलाव्या लागतात आणि अर्धा दिवस मोडतो. इतकी वर्षं गावातले एक म्हातारे कोळी तिला बांबूच्या गोल, बुट्टीसारख्या नावेत बसवून पार नेत. त्यांचे खांदे धरले, त्यांनी वल्हं ठेवलं, आणि तिकडे राखणीला कुणी नसल्यानं आक्काच्या भुईमुगात रानडुकरं शिरू लागली.

"वेंगुर्ल्याकडं एक जुनी मोटारची होडी हाय," ती म्हणाली आणि मोबाइलवरचा फोटो माझ्यापुढं धरला. "तू चल संगट. तुला इंजिनातलं कळतंय."

"पाण्यातलं न्हाय कळत मला."

"पाण्यातलं मी बघतो."

आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी आक्का स्वतःबद्दल 'मी बघतो, मी जातो' असंच बोलते. धरणाच्या ऑफिसात कन्नडमध्ये अर्ज देऊन आणि चार खेपा घालून तिनं होडीची परवानगीही आधीच काढली होती. मला विचारणं हा फक्त शेवटचा टप्पा होता.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं टर्नर होतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. वडगावात घरी बसून मी पेपर दोनदा वाचायचो आणि बायकोचा मिक्सर विनाकारण उघडायचो. त्यामुळं नाही म्हणायला माझ्याकडं कारणही नव्हतं.

आंबोलीचा घाट उतरून आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूला पोचलो. होडी माडांखाली वाळूत पालथी घातली होती. फायबरची, निळ्या रंगाची, सहा माणसं बसतील एवढी. मालक सत्तरीतले मच्छीमार. गुडघे गेले म्हणून विकत होते. इंजिन वेगळं, माडाच्या झापांनी शाकारलेल्या पडवीत लाकडी घोडीवर अडकवलेलं होतं. मी काही विचारायच्या आधी तेच म्हणाले, "खोटा बोलूचंय नाय. चालताना गरम जाता. माका कारण गावूक नाय."

मी प्लग काढला आणि टॉर्च लावून आत पाहिलं. सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा दिसल्या. खालच्या गिअरच्या डब्याचा स्क्रू सैल केला, तर तेलाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी गळलं. म्हणजे सील गेलं होतं आणि पाणी आत शिरत होतं. मग पिंप भरून इंजिनाचा पाय त्यात बुडवला आणि दोरी ओढली. अकराव्या ओढीला ते सुरू झालं. होडीचं इंजिन बाहेरचंच पाणी ओढून स्वतःला गार ठेवतं, आणि ते पाणी मागच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर पडायला हवं. इथं नुसतं ठिबकत होतं. दोन मिनिटांत तापलेल्या रंगाचा वास आला, तसं मी बंद केलं.

आक्काला बाजूला घेऊन सांगितलं, "रबरी पंप गेला असंल तर काम सोपं. पण पिस्टन तापून सिलिंडरला धरला असंल तर हे भंगार हाय. उघडल्याशिवाय कळायचं न्हाय."

"तुझ्याच्यानं हुईल का न्हाय, एवढंच सांग."

मी हातांवरचं तेल चिंधीला पुसू लागलो. पिंपाजवळ वाकून इंजिनाचा आवाज ऐकताना माझ्या लक्षात आलं होतं, की दोन वर्षांत मी इतका मन लावून काहीच ऐकलं नव्हतं.

आक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग वळून मालकांना म्हणाली, "इंजिन बंद हाय असं धरून भाव सांगा. चालू झालं तर आमचं नशीब."

ते हसले आणि म्हणाले, चालेल. पण पैसे मोजायच्या आधी आक्कानं होडी सुलटी करायला लावली, वाळूतच तिच्यात जाऊन बसली, आणि नवीन खाट बघावी तशी दोन्ही हातांनी फळी दाबून पाहिली. मालकांच्या बायकोनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना मालकांनी होडीच्या नाळेवरून, पुढच्या टोकावरून, एकदा हात फिरवला आणि आक्काला म्हणाले, "पावसात उघडी ठेवू नकात." आक्कानं मान डोलावली. त्या वेळी दोघंही जरा गंभीर झाली होती.

भाड्याच्या पिकअपमधून होडीचं निम्मं अंग बाहेर येत होतं. त्याला लाल फडकं बांधलं आणि घाट चढलो. चहाला जिथं थांबलो तिथं कुणी ना कुणी विचारायचं, कुठं नेताय. आक्का सगळ्यांना सविस्तर सांगायची. वडगावात आमच्या गल्लीत गाडी वळली तेव्हा विणकरांच्या मागांचा खडखडाट चालू होता. माग थांबवून लोक दारात आले. "दोणी बंतु," समोरच्या आजी कन्नडमध्ये म्हणाल्या, होडी आली. आमच्या गल्लीत होडी कधी आली नव्हती आणि यायचं कारणही नव्हतं.

इंजिन मी माझ्या जुन्या कारखान्यात नेलं. तिथले मालक माझ्याच वयाचे, बरोबरीनं काम केलेले. तिथं आता सगळी कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आहेत, पण माझं जुनं लेथ त्यांनी कोपऱ्यात ताडपत्री टाकून ठेवलं होतं. "घ्या, तुमचंच हाय ते," एवढंच ते म्हणाले. ताडपत्री काढली, तेल दिलं, आणि मी कामाला लागलो.

आधी सिलिंडर उघडला. रेघांवरून नख फिरवलं, ते कुठं अडकलं नाही, म्हणजे रेघा खोल नव्हत्या. मला तिथंच बसून हसू आलं. पिस्टन धरला नव्हता, फक्त रिंगा चिकटल्या होत्या. पंप उघडला, तर आतल्या रबरी चाकाच्या सहा पात्यांपैकी तीन तुटलेली. गार पाण्याच्या वाटेत मीठ साचून दगड झालं होतं, ते खरवडून काढलं. नव्या रिंगा, सील आणि रबरी चाक मागवलं. सील जिथं बसतं तिथं दांडा झिजला होता, त्यावर बसवायला पितळी बुश, म्हणजे छोटं नळकांडं, मी स्वतः लेथवर काढला. पितळेचा सोनेरी कीस हातावर उडत होता. तीन वेळा माप घेतलं, चौथ्यांदा केवळ आनंदासाठी घेतलं.

आठ दिवसांनी गल्लीत पिंप ठेवून इंजिन लावलं. आक्का गावाहून आली होती. तिसऱ्या ओढीला ते सुरू झालं, आवाज गोल आणि स्वच्छ. आणि मागच्या भोकातून पाणी मात्र पहिल्यासारखंच ठिबकत होतं.

मी बंद केलं. बघायला जमलेले लोक हळूहळू आपापल्या कामाला गेले. मला फार वाईट वाटलं. आक्का पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुटली तीन म्हणालास न्हवं? तुकडं किती गावलं?"

दोन सापडले होते. तिसरा मी शोधलाच नव्हता.

शेजारचे विणकर दारातून ऐकत होते. ते आत गेले आणि मागाच्या जुन्या फणीतली एक पातळ, लवचीक पात घेऊन आले. तिचं टोक वाकवून मी गार पाण्याच्या वळणदार नळीत घातलं आणि बराच वेळ चाचपडत राहिलो. शेवटी मिठानं माखलेला, वाटाण्याएवढा रबराचा तुकडा बाहेर आला. पुन्हा दोरी ओढली. पिचकारी अशी सुटली की विणकरांचा सदरा छातीपासून खालपर्यंत भिजला. ते जागचे हलले नाहीत, नुसते हसत उभे राहिले. आक्कानं घरातून टॉवेल आणला आणि वर सगळ्या गल्लीला चहा केला.

दिवाळीनंतर धरण काठोकाठ भरलेलं असताना होडी पाण्यात सोडली. आक्कानं नाळेला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, बुडू न देणारं नारिंगी जाकीट चढवलं आणि थेट मागं, इंजिनाच्या दांड्यापाशी जाऊन बसली. ती रोज स्कूटर चालवते. होडीचा ॲक्सिलरेटरही तसाच मुठीत पिळायचा असतो, म्हणून तिला सगळं ओळखीचं वाटलं. पण होडीचा दांडा उजवीकडं ढकलला की होडी डावीकडं वळते. मी सांगेपर्यंत आम्ही दोन पुरे गोल फिरलो होतो. काठावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"उलटं हाय व्हय हे," आक्का म्हणाली. "आधी सांगायचंस."

"सांगत हुतो, तू ऐकत न्हवतीस."

तिसऱ्या गोलात तिला ते जमलं. होडी सरळ झाली आणि वारा तोंडावर आला. मी सवयीनं मागं बघत होतो, पिचकारी चालू आहे ना. आक्का मात्र समोर बघत होती. पलीकडं पोचायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. होडी चिखलात टेकली तशी ती चपला हातात घेऊन उतरली आणि मला विसरून शेतात शिरली. मी जांभळीखाली बसलो. ती तासभर बांधाबांधानं हिंडली, डुकरांनी उकरलेल्या जागा पायानं बुजवल्या, आणि ओच्यात ओल्या शेंगा घेऊन परत आली. शेंगा आम्ही तिथंच सोलून खाल्ल्या.

परत निघताना म्हणाली, "तू उद्या वडगावला जाणार. दोरी वडायला शिकव मला."

मी पाय कसा रोवायचा, हात कसा ओढायचा ते दाखवलं. पहिल्या तीन वेळा इंजिन नुसतं खोकलं. चौथ्यांदा लागलं. लागल्याबरोबर तिनं मला खुणेनं काठावरच थांबायला सांगितलं आणि एकटीच पाण्यात एक मोठी फेरी मारायला निघाली. मी ओल्या चिखलात उभा राहून बघत होतो. ती बरीच लांब गेली, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच लांब. तिकडून हात वर करून तिनं काहीतरी ओरडून सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही, येत होता तो फक्त इंजिनाचा गोल, स्वच्छ आवाज.